शेतकामासाठी डंपरची निवड

भातकापणी आटोपून मळे मोकळे झाले, की आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मातीकामाचे दिवस सुरू होतात. कोणास कातळावर कलमे लावावयाची म्हणून माती हवी असते, कोणास पाणंदीवर मुरूम टाकावयाचा असतो, कोणास गडग्यासाठी डबर हवे असते, आणि खाडीकाठच्या शेतकऱ्यास खाजणाचा बांध सावरावयाचा असतो. पूर्वी ही सर्व कामे डोक्यावरील पाटीने आणि बैलगाडीने होत. आता ती डंपरने होतात. मृग लागण्यापूर्वी काम पुरे झाले पाहिजे, अशी घाई प्रत्येकास असते. आणि त्या घाईत जी गाडी प्रथम मिळेल ती, किंवा ब्रासमागे ज्या गाडीचे भाडे कमी पडेल ती, असा निर्णय बहुधा घेतला जातो. हा निर्णय पुष्कळदा चुकतो. बैल विकत घेताना त्याचे दात, खूर व खांदा पाहणारा शेतकरी डंपर ठरविताना मात्र काहीच पाहत नाही, हे आश्चर्य होय. सबब या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. यात आमची स्वतःची एक चूकही सांगावयाची आहे. ती योग्य स्थळी येईल.

१. गाडीच्या आधी काम पाहावे

कोणती गाडी चांगली, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणत्या कामास कोणती गाडी चांगली, असे विचारले पाहिजे. त्यासाठी भाडे ठरविण्यास जाण्यापूर्वी घरी बसून चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्या. माल कोणता आणावयाचा? तो किती आणावयाचा? तो कोणत्या वाटेने यावयाचा? आणि गाडी जेथे उभी राहून माल ओतणार ती जमीन कशी आहे? या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा विचार बहुतेक लोक करतात. तिसरीचा थोडे करतात. चौथीचा जवळजवळ कोणी करीत नाही. नुकसान मात्र बहुधा चौथीतूनच होते.

२. माल आणि त्याचे वजन

आपल्याकडे माती, रेती, खडी ही सर्व ब्रासच्या मापाने घेतली जातात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. हे आकाराचे माप आहे, वजनाचे नव्हे. आणि गाडी सोसते ती वजन. हा भेद ध्यानात न ठेवल्याने पुष्कळ घोटाळे होतात.

सुटा केलेला माल एक ब्रास घेतला तर त्याचे वजन स्थूलमानाने पुढीलप्रमाणे भरते :

चांगले कुजलेले शेणखत : दीड ते दोन टन
कोरडी माती : साडेतीन ते चार टन
नेहमीच्या ओलाव्याची माती : चार ते साडेचार टन
भिजलेली चिकण माती : साडेचार ते पाच टन
खडी अथवा जांभ्याचे डबर : चार ते साडेचार टन
ओली रेती : पाच ते साडेपाच टन

यावरून दिसेल की, ज्या पेटीत शेणखत शिगोशीग भरले तरी गाडीस काहीच वाटत नाही, त्याच पेटीत ओली रेती काठोकाठ भरली तर भार मर्यादेपलीकडे जातो. पेटी भरली म्हणजे भार पुरा झाला, किंवा पेटी रिकामी दिसते म्हणजे भार कमी आहे, असे दोन्ही समज चुकीचे आहेत. चिऱ्यांच्या बाबतीत तर अंदाजावर मुळीच जाऊ नये. खाणीखाणीचा चिरा वजनास वेगळा, आणि पावसात भिजलेला चिरा त्याहून वेगळा. दोनचार चिरे काट्यावर तोलून सरासरी काढावी व संख्येने गुणावे.

किती माल लागेल याचा हिशेबही असाच आधी करावा. उदाहरणार्थ, एक हेक्टर कातळावर दहा-दहा मीटर अंतराने हापूसची कलमे लावावयाची आहेत. खड्डे १०० होतात. प्रत्येक खड्डा एक मीटर लांब, रुंद व खोल धरला तर १०० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ ब्रास भरीव माती लागते. परंतु खणलेली माती फुगते आणि खड्ड्यात पडल्यावर पुन्हा बसते. याकरिता चौथाई अधिक धरावी. म्हणजे गाडीतून येणारी सुटी माती ४४ ब्रास झाली. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

३. गाड्यांचे प्रकार

ट्रॅक्टर व ट्रॉली. मागे उचलणारी ट्रॉली पाऊण ते एक ब्रास माती आणते. तिचा मोठा गुण हा की ट्रॅक्टरची रुंद चाके मऊ जमिनीवर तरतात आणि अरुंद वाटेवर ती वळते. तिचा मोठा दोष हा की पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. सड्यावरून उतरणीने भरलेली ट्रॉली खाली येऊ लागली म्हणजे ती ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते, आणि वळणावर त्यास आडवे करते. उतरणीच्या वाटेवर ट्रॉली अर्धीच भरावी. भार वरून खाली न आणता खालून वर नेण्याची सोय असल्यास तीच पत्करावी.

लहान टिपर. चार अथवा सहा लहान चाकांची ही गाडी अर्धा ते पाऊण ब्रास माल आणते. वाडीतील घरापर्यंत चिरे, खत किंवा थोडी रेती नेण्यास ती सोयीची. मोठ्या मातीकामास ती परवडत नाही.

सहाचाकी डंपर. पुढे दोन चाके आणि मागील एका आसावर चार चाके. मालाचे वजन सुमारे ११ टन, म्हणजे नेहमीच्या ओलाव्याची माती अडीच ब्रास. आमच्या जिल्ह्यातील शेतकामास ही गाडी सर्वांत अधिक जुळते असा आमचा अनुभव आहे. गावरस्त्यावर ती चालते, आणि माफक जागेत फिरते.

दहाचाकी डंपर. यास लोक हायवा म्हणतात. हे नाव वस्तुतः पेटी उचलणारा जॅक तयार करणाऱ्या एका डच कारखान्याचे आहे, गाडीचे नव्हे; परंतु ते आता रूढ झाले आहे. मागे जोड आस व आठ चाके. सुमारे १७ टन, म्हणजे चार ब्रास माती एका खेपेत येते. पक्का रस्ता, लांब अंतर, मोठे काम आणि ओतण्यास टणक सपाट जागा, या चारही गोष्टी असतील तर ही गाडी सर्वांत स्वस्त पडते. यातील एकही गोष्ट उणी असेल तर तो स्वस्तपणा संशयास्पद होतो.

बाराचाकी व त्याहून मोठ्या गाड्या महामार्गाच्या आणि खाणीच्या कामाच्या. त्याहून पुढे खाणीतच फिरणारे, रस्त्यावर न येणारे अजस्र डंपर असतात. चंद्रपूरकडील कोळशाच्या उघड्या खाणींत ते पाहावयास मिळतात. बेलारूस देशात सन २०१३ मध्ये ४५० टन भार वाहणारा डंपर तयार झाला. आणखी एक जात म्हणजे सांध्याचा डंपर. याच्या पुढच्या व मागच्या भागांमध्ये सांधा असल्याने तो चिखलात सापासारखा अंग वळवून वाट काढतो. स्वीडनमधील व्होल्वो कारखान्याने सन १९६६ मध्ये ही जात प्रथम बाजारात आणली. ही माहिती आम्ही केवळ कुतूहलापोटी देत नाही. चिखलाच्या जमिनीसाठी मुद्दाम निराळी गाडी घडवावी लागली, यातच आपल्या साध्या रस्त्यावरच्या डंपरची मर्यादा काय ते स्पष्ट होते.

पेटीचा आकारही पाहावा. मातीसाठी उभ्या बाजूंची साधी पेटी चालते. डबर व मोठे दगड आणावयाचे तर जाड पत्र्याची पेटी हवी. पातळ पेटीचा मालक पहिल्याच खेपेनंतर कुरकुर करू लागतो. आपली तांबडी चिकण माती ओली असली की कोपऱ्यात चिकटते. तिच्यासाठी आतून गुळगुळीत, कोपरे गोल असलेली पेटी बरी. चौकोनी पेटीच मिळाली तर तळाशी कोरडी रेती पसरून मग माती भरावी.

४. वाट

मोठ्या डंपरची रुंदी अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडी अधिक असते. दोन गडग्यांमधील पाणंद निदान दहा फूट मोकळी नसेल तर गाडी आत घालू नये. वळणावर आणखी जागा लागते. सहाचाकी गाडीस एका दमात पुरती फिरण्यास सुमारे ५० फूट व्यासाची जागा हवी. दहाचाकीस ६० फूट किंवा अधिक. जेथे ती नसेल तेथे गाडी उलटी न्यावी लागते. आणि उलट्या जाणाऱ्या डंपरच्या मागे काय आहे हे चालकास नीट दिसत नाही.

वाटेवरील साकव, मोऱ्या आणि व्हाळावरील जुने चिऱ्यांचे पूल स्वतः पायी जाऊन पाहावे. बैलगाडीसाठी बांधलेली मोरी १८ टनांच्या गाडीखाली टिकेल असे गृहीत धरू नये. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात सन १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी परीक्षा झाली. तीतून असे आढळले की, आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, तर सुमारे सोळापट होते. म्हणून वाडीचा डांबरी रस्ता शंभर लहान खेपांनी जितका झिजत नाही, तितका थोड्या अतिभारित खेपांनी फुटतो. रस्ता फुटल्यावर शेजारी आपणासच बोल लावतात, आणि ते रास्तही असते.

जेथे शेवटचा अर्धा फर्लांग डंपरच्या चालीचा नाही, तेथे माल पाणंदीच्या तोंडाशी ओतावा व पुढे ट्रॉलीने न्यावा. यात माल दोनदा उचलावा लागतो, खर्च वाढतो, हे खरे. परंतु तो खर्च आधी ठाऊक असतो. गाडी रुतल्यास किंवा गडगा कोसळल्यास होणारा खर्च कोणालाच ठाऊक नसतो.

५. जमीन, आणि आमची चूक

डंपरच्या चाकात शंभर पौंडांच्या आसपास किंवा अधिक हवा असते. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील चाकात बारा ते वीस पौंड. चाक जमिनीवर जो दाब देते तो स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाइतकाच असतो. यावरून ट्रॅक्टर जेथे सहज जातो तेथे डंपर का रुततो, ते उघड होते. परीक्षा सोपी आहे. पडलेल्या पावसानंतर किंवा खाजणात, जेथे गाडी जावयाची तेथे एका पायाच्या टाचेवर सर्व भार देऊन उभे राहावे. टाच इंचभरही रुतली तर भरलेला डंपर तेथे निश्चित रुतणार. वरचा थर टणक असेल तर पहार घालून खालचा पाहावा. आपल्या मळ्यांत पुष्कळदा वर हातभर कोरडी कड आणि खाली लोणी, असा प्रकार असतो.

न रुतताही डंपर शेताचे नुकसान करतो. आसावरील भार जितका अधिक, तितकी माती अधिक खोलवर दाबली जाते. वरची दाबलेली माती नांगराने सुटते. हातभर खालची सुटत नाही, आणि तेथे मुळांची व पाण्याची वाट अनेक वर्षे अडून राहते. याकरिता कुणग्यातून डंपर फिरू देऊ नये. एकच वाट आखून द्यावी, आणि सर्व खेपा त्याच वाटेने व्हाव्या.

आता आमची चूक सांगतो. सन २०१६ च्या पावसाळ्यात कालावल खाडीच्या काठी आमच्या खाजणाच्या बांधास लहानशी खांड पडली. तेथे आमचे व शेजारच्या दोन घरांचे कुणगे लागून आहेत. सन २०१७ च्या एप्रिलात खांड बुजविण्याचे ठरले, आणि कागदपत्रांची सवय असलेला म्हणून गाडी ठरविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही ब्रासमागे दर ताडून पाहिले. दहाचाकी स्वस्त पडत होती, ती ठरविली. मुरूम व डबर मिळून चार ब्रास माल भरून गाडी बांधाच्या तोंडाशी आली. तेथे काम करणारा एक वृद्ध गडी बांधावरून चालत आला व म्हणाला, "तात्यानू, ह्यो बांध ही गाडी सोसूचो नाय." आम्ही त्यास उत्तर दिले की, गाडी दोनच मिनिटे उभी राहावयाची आहे.

दोन मिनिटेही लागली नाहीत. गाडी उलटी बांधावर आली, चालकाने पेटी उचलण्यास आरंभ केला, आणि खाडीकडील चाकांखालची माती हळूच सरकली. पेटी वर गेली म्हणजे भाराचा मध्य उंच जातो. मग थोडा कलही पुरतो. गाडी कुशीवर पडली. चालकाचा हात दुखावला. जीव वाचला, हे ईश्वराचे देणे. गाडी काढण्यासाठी यंत्र आणावे लागले, आणि त्या ओढाताणीत वीसेक फूट बांध खचला. तीन दिवसांनी अमावास्येचे उधाण आले व खारे पाणी तिन्ही घरांच्या कुणग्यांत शिरले.

त्या पावसाळ्यात खांड बुजविता आली नाही. २०१७ साली भात आलेच नाही. २०१८ साली अर्धे आले. आमचे पोट नोकरीवर होते. शेजारच्या दोन घरांचे पोट त्या भातावर होते. त्यांनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच अधिक लागते. गाडीच्या मालकाचा किंवा चालकाचा यात दोष नव्हता. त्यांनी सांगितले तेथे गाडी आणली. दोष, दर पाहून जमीन न पाहणाऱ्याचा होता.

पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये तोच बांध पुन्हा घातला तेव्हा गाडी ट्रॅक्टरची घेतली. काम अष्टमीच्या भांगात धरले, कारण भांगाची भरती कमी चढते. माल आतल्या टणक बाजूस ओतून तेथून पाट्यांनी बांधावर नेला. पोटात चिकण माती थराथराने चोपली, आणि खाडीच्या अंगास जांभ्याचे दगड रचले. पोटात मुरूम घालण्याचा आमचा पहिला बेतही चुकीचाच होता. मुरमातून पाणी झिरपते. दिवस अधिक लागले. बांध अद्याप उभा आहे.

६. खेपांचा हिशेब

भाड्याचा विचार खेपेवर करू नये, तर काम पुरे होण्यावर करावा. मागे काढलेला ४४ ब्रासचा आकडा घेऊ. माती सहा किलोमीटरांवरून आणावयाची आहे आणि भरण्यास खोदयंत्र आहे असे समजा.

सहाचाकी : भरणे १० मिनिटे, येणे २०, ओतणे ५, परत जाणे १५, एकूण ५० मिनिटे. आठ तासांत नऊ खेपा, म्हणजे साडेबावीस ब्रास.

दहाचाकी : भरणे १६ मिनिटे, येणे २५, उलटे नेऊन ओतणे ८, परत जाणे १८, एकूण ६७ मिनिटे. आठ तासांत सात खेपा, म्हणजे २८ ब्रास.

ट्रॉली : भरणे ५ मिनिटे, येणे ३०, ओतणे ५, परत जाणे २५, एकूण ६५ मिनिटे. आठ तासांत सात खेपा, प्रत्येकी पाऊण ब्रास, म्हणजे सव्वापाच ब्रास.

आता पाहा. ४४ ब्रास आणण्यास सहाचाकी एकटीला दोन दिवस लागतात. दहाचाकीसही दुसरा दिवस लागतोच. भाडे दिवसावर असेल तर मोठ्या गाडीने काहीच वाचले नाही. भाडे ब्रासवर असेल तर हिशेब पालटेल. म्हणून भाड्याची पद्धत आधी विचारावी.

दुसरी गोष्ट खोदयंत्राची. सहाचाकीच्या ५० मिनिटांच्या फेऱ्यात यंत्र १० मिनिटेच काम करते व ४० मिनिटे उभे राहते; भाडे मात्र तासावर चालू असते. दोन सहाचाकी गाड्या लावल्या तर ४५ ब्रास एका दिवसात येतात, गाड्यांचे भाडे तितकेच राहते, आणि यंत्राचा एक दिवस वाचतो. फेऱ्याच्या वेळास भरण्याच्या वेळाने भागिले म्हणजे यंत्र सतत चालू ठेवण्यास किती गाड्या हव्या ते निघते, येथे पाच. एकट्या शेतकऱ्यास पाच गाड्या परवडणार नाहीत, परंतु एका वाडीतील चार शेतकरी एकत्र आले तर परवडतील. अशी जूट करणे हे आपल्यासारख्या संस्थेचे खरे कार्य होय.

मापाविषयी एक सूचना. पहिल्या खेपेपूर्वी फीत घेऊन पेटीची आतली लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजावी, तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागावे. साडेबारा फूट लांब, सात फूट रुंद व तीन फूट उंच पेटी २६२ घनफूट, म्हणजे सुमारे २.६ ब्रास होते. हे माप चालकाच्या देखत खेपवहीत लिहावे, आणि प्रत्येक खेपेची वेळ व भरती टिपावी. मापावरून होणारे तंटे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले; वही असती तर त्यांतील बहुतेक झालेच नसते.

७. ओतताना घ्यावयाची काळजी

पुष्कळ अपघात माल ओतताना होतात. पुढील नियम चालकास ठाऊक असतातच. परंतु घाई आपण करतो, म्हणून ते आपणांसही ठाऊक हवेत.

गाडी सपाट व टणक जागेवर उभी करूनच पेटी उचलावी. एक बाजू खाली असेल तर आधी जागा सारखी करावी.

कड्याच्या, बांधाच्या किंवा विहिरीच्या काठापर्यंत गाडी उलटी नेऊ नये. माल अलीकडे ओतावा व यंत्राने किंवा फावड्याने पुढे सारावा.

माती चिकटून राहिली तर पेटी वर असताना गाडी पुढेमागे हिसकावू नये. पेटी खाली आणावी व माती खोऱ्याने सोडवावी. उचललेल्या पेटीखाली शिरण्याचा प्रसंग आल्यास भक्कम टेकू दिल्याशिवाय कोणी शिरू नये. जॅकवर विश्वास ठेवू नये.

वर विजेच्या तारा आहेत की काय हे आधीच पाहावे. उचललेली पेटी दहाचाकीस वीस फुटांपर्यंत व त्याहूनही वर पोहोचते. तार लागलीच तर चालकाने आतच बसून राहावे, इतरांनी दूर राहावे, आणि महावितरणास वीज बंद करावयास सांगावे. गाडीस आग लागली तरच बाहेर पडावे. तेही गाडी व जमीन यांस एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी घ्यावी आणि पाय जोडूनच उड्या मारीत दूर जावे.

ओतण्याच्या जागी मुलाबाळांस येऊ देऊ नये. खुणा करणारा इसम एकच असावा, आणि तो चालकास दिसेल अशा बाजूस उभा असावा.

८. कागद

महसूल खात्यात आयुष्य गेल्याने हे कलम आम्हांस टाळता येत नाही. माती, मुरूम, रेती, जांभा ही गौण खनिजे होत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ (७) प्रमाणे विनापरवाना काढलेल्या अथवा नेलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याच कलमाच्या पुढील पोटकलमाखाली गाडी जप्त होऊ शकते. म्हणून माल घेताना वाहतूक परवाना मागावा, त्यावरील गाडीचा क्रमांक व परिमाण ताडून पाहावे, आणि प्रत जपून ठेवावी. माती आपल्याच जमिनीतील असली तरी ती तेथून दुसरीकडे नेण्यापूर्वी तहसील कचेरीत विचारावे. विचारल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

भाराविषयी. केंद्र सरकारने सन २०१८ मध्ये आसावरील भाराच्या मर्यादा वाढविल्या. चार चाकांच्या एका आसास साडेअकरा टन, व आठ चाकांच्या जोड आसास २१ टन. परंतु प्रत्येक गाडीस लागू पडते ते तिच्या नोंदणीपत्रात लिहिलेले वजन. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाचे वजन निघते. मोटार वाहन कायद्यात सन २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अतिभारास २० हजार रुपये, आणि प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. हा दंड गाडीवाल्यास होतो, असे म्हणून आपण स्वस्थ बसू नये. तो शेवटी भाड्यातच येतो.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कांदळवन तोडून वाट करणे किंवा त्यात भराव टाकणे यास मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये याविषयी कडक निर्णय दिला आहे. शिवाय तो कांदळच उधाणाचा जोर मोडून आपला बांध राखतो. त्यास तोडणे म्हणजे राखणदारास हाकलणे होय.

सारांश

मळ्यात, खाजणात व बांधालगत ट्रॅक्टर-ट्रॉली. वाडीतील थोड्या मालास लहान टिपर. गावरस्त्याच्या मध्यम कामास सहाचाकी. पक्का रस्ता, लांब अंतर, मोठे काम व टणक जागा असेल तरच दहाचाकी. मालाचे वजन ब्रासवरून काढावे, नोंदणीपत्राशी ताडावे, वाट पायी चालून पाहावी, जमीन टाचेने पाहावी, आणि हिशेब दराचा न करता पुऱ्या कामाचा करावा.

शेवटी एवढेच सांगतो. ज्या जमिनीवर काम करावयाचे, तिच्यावर ज्याने तीस-चाळीस वर्षे पाय टेकले आहेत अशा गड्यास गाडी बोलावण्यापूर्वी विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर त्याचे ऐकावे. आम्ही एकदा ऐकले नाही, आणि त्याची भरपाई दुसऱ्यांच्या कणगीतून झाली. वाचकांवर तो प्रसंग न यावा, हाच हा लेख लिहिण्यातील हेतू आहे.